गेममधलं मरण इतकं खरं दिसायला हवं का?

पौडफाटा

गेले दहा दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मुलगा १३ वर्षांचा, आठवीत. वाढदिवसाला त्याला 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' हा गेम हवा होता. कॅम्पातल्या एका दुकानात वापरलेली डिस्क मिळाली. डबीवर लाल चौकोनात १८ छापलेलं आहे. दुकानदाराने पोराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पिशवी त्याच्या हातात दिली. तो आकडा मलाही दिसला होता. प्रौढांच्या सिनेमाला मी त्याला कधी नेलं नसतं. गेम म्हटल्यावर मनात शंकाही आली नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मंडईतून भाजी घेऊन आलो. तो हॉलमध्ये खेळत बसला होता. पडद्यावर एक मुलगी उंच गवतातून सरपटत पहाऱ्यावरच्या बाईच्या मागे गेली आणि तिने तिचा गळा आवळला. बाईची बोटं त्या हाताला ओरबाडत होती. मग मानेत सुरी. घशातून जो आवाज आला, तो ऐकून आतून बायको धावत आली. तिला वाटलं, पोराला ठसका लागला. तोवर त्या बाईला जमिनीवर अलगद ठेवलं जात होतं, आवाज होऊ नये म्हणून. थोड्या वेळाने तिच्या जोडीदाराला ती सापडली आणि त्याने तिला नावाने हाक मारली. आमचा मुलगा पडद्यावरची नजर न काढता मला म्हणाला, "बाबा, वांगी नाही ना आणलीस?"

मी गेमच्या विरोधातला माणूस नाही. २००३-०४ साली टिळक रोडवरच्या एका कॅफेत तासाला २० रुपये देऊन काउंटर-स्ट्राइक खेळण्यात माझं सेकंड इयर गेलं. त्यातल्या डस्ट टू या नकाशावर किती जणांना मारलं त्याची गणती नाही. पण तिथे रक्त म्हणजे भिंतीवर उडालेला लाल ठिपका, आणि मेलेला मित्र शेजारच्या खुर्चीत बसून मला शिव्या घालायचा.

गेम खेळून मुलं खुनी होतात का, हा माझा प्रश्न नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा 'डूम' या गोळीबाराच्या गेमच्या नावाने खापर फुटलं, आणि तेव्हापासून ते दळण चालूच आहे. माझा मुलगा तसा होणार नाही, हे मला माहीत आहे. मला खुपतोय तो घशातला आवाज. कुणीतरी एवढं कसब पणाला लावून माणसाची तडफड घडवली, आणि मग तीच एका बटणावर शंभर वेळा करायला दिली. सिनेमात असा प्रसंग एकदा येतो आणि आपण हादरतो. इथे तो दुपारभर येत राहतो, आणि तिसऱ्या तासाला वांग्याची आठवण होते. माझ्या मते हद्द इथे ओलांडली गेली. तुम्हाला काय वाटतं?

ओंजळ

अगदी माझ्या घरातलं वाटलं. आमच्याकडे मुलगी आहे, १४ वर्षांची, तिच्याकडे दुसरा गेम आहे, पण तो घशातला आवाज मीही ऐकलाय. वाचतेय.

सेव्हपॉइंट

काका, मी १९ वर्षांचा, धनकवडीत राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या मुलाने आत्ता हा गेम खेळू नये, हे मला मान्य. पण गेमबद्दल तुम्ही म्हणताय ते मला पटत नाही. का, ते नीट सांगतो.

२०२० मध्ये हा गेम आला तेव्हा त्यातल्या शत्रूंना नावं दिली होती, ती मुद्दाम. तुम्ही एकाला मारता आणि दुसरा त्याचं नाव घेऊन ओरडतो. पहाऱ्याच्या कुत्र्याला मारलं तर त्याला घेऊन फिरणारा माणूस कुत्र्याच्या नावाने टाहो फोडतो. ते पहिल्यांदा झालं तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आमच्या सोसायटीतल्या मोत्याला मी रोज पोळी घालतो. त्यानंतर बहुतेक ठिकाणी मी कुत्र्यांना वळसा घालून, गवतातून लपत गेलो. तसं जाता येतं. तो आवाज इतका खरा नसता, तर मी वळसा घातला असता का? नसता.

आता बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा मोबाइलवरचा गेम बघा. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी हा आला. त्यात रक्त हिरवं केलं, का तर मुलांवर वाईट परिणाम नको. माणूस मेला की त्याची लाकडी पेटी होते. प्रेत नाही, आवाज नाही, पेटी उघडायची आणि आतल्या गोळ्या घ्यायच्या. माझा ९ वर्षांचा चुलतभाऊ जेवताना सांगत होता, "आज मी अकरा पेट्या केल्या." त्याच्या लेखी ती माणसं नव्हतीच. मला त्याची जास्त भीती वाटते. मारणं मऊ करून दिलं की कुणाला थांबावंसं वाटत नाही.

'धिस वॉर ऑफ माइन' नावाचा एक गेम आहे, २०१४ चा, पोलंडमध्ये बनलेला. वेढा पडलेल्या शहरातली साधी माणसं जगवायची. औषधासाठी तुम्ही एका म्हाताऱ्या जोडप्याला लुटता आणि मग तुमचंच माणूस खचतं, हातपाय गाळून बसतं. पोलंड सरकारने २०२० मध्ये तो शाळांच्या शिफारस केलेल्या यादीत घेतला. त्यातलं चित्र काळ्या पेन्सिलीने रेखाटल्यासारखं आहे, रक्त फारसं दिसतही नाही. म्हणजे खरेपणा कातडीचाच असायला हवा असं नाही, एवढं मीही मानतो. पण ज्यांनी कातडीतून तो आणला, त्यांचा हेतू तरी बघा.

आणि अभ्यासाबद्दल. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या १,००४ मुलांचा अभ्यास केला, त्यांच्या पालकांनाही विचारलं. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध त्यांना आढळला नाही.

रात्रपाळी

मी डॉक्टर आहे. शहराच्या दक्षिणेकडच्या एका हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीत काम करते. नवले पुलाजवळचे अपघात रात्री बऱ्याचदा आमच्याकडे येतात, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.

'खरं दिसतं' हा शब्द या धाग्यावर सारखा येतोय. माझ्या भाच्याने मला असे दोन-तीन गेम दाखवले. चामडी, स्नायू, हाड, सगळं जागच्या जागी आहे, मेहनत दिसते. तरीही ते मला खरं वाटलं नाही. खऱ्या जखमेला वेळ असतो. रक्त लाल राहत नाही, सुकत जातं तसं तपकिरी पडतं, शर्टाला चिकटतं, तो शर्ट कात्रीने कापावा लागतो. वास असतो. माणूस लगेच मरत नाही, तो पाणी मागतो, "घरी सांगू नका" म्हणतो, मोबाइल शोधतो. बाहेर बाकावर कुणीतरी एका पायात चप्पल नसलेलं बसलेलं असतं. पहाटे मावशी फरशी पुसतात, तेव्हा कुठे आमचा तो पेशंट संपतो. गेममध्ये मरण चार सेकंदांचं असतं आणि त्या चार सेकंदांची झळाळी वाढवलेली असते. म्हणून 'अतिखरं' हा आरोपच मला चुकीचा वाटतो. अर्धंच दाखवतात आणि तेवढ्यालाच खरं म्हणतात.

पौडफाटा, तुमच्या वांग्याच्या वाक्यावर मात्र मी थबकले. कारण आमचंही तसंच होतं. तिसऱ्या महिन्यात मी एका हाताने डबा खात दुसऱ्या हाताने केसपेपर लिहायला लागले होते. सरावाशिवाय हे काम होत नाही. पण आम्हाला तो सराव कशासाठी तरी मिळतो, टाके घालताना हात थरथरू नये म्हणून. १३ वर्षांच्या मुलाला तो कशासाठी हवाय?

सेव्हपॉइंट

डॉक्टर ताई, शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. चार सेकंदांचा मुद्दाही पटला.

नारायणपेठी_आजोबा

माझं वय ७४. शाळेत मराठी शिकवत होतो. गेम खेळलेलो नाही, नातवाच्या खांद्यावरून पाहिलेला आहे.

हिंसा आमच्याही लहानपणी भरपूर होती. गणपतीत मंडळांचे जिवंत देखावे असत, अजूनही असतात. अफजलखानाचा वध वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला. लाल दिवा लागायचा, पोटावर बांधलेल्या कापडाच्या आतड्या बाहेर यायच्या, गर्दी जयजयकार करायची, आणि मला रात्री झोप लागायची नाही. महाभारतात भीम दुःशासनाची छाती फोडून रक्त पितो. याहून भयंकर काय असणार? ते आम्ही सहा-सात वर्षांचे असताना ऐकलं.

पण ऐकलं कुणाकडून, ते सांगतो. आमच्या वाड्याशेजारच्या देवळात एक कीर्तनकार यायचे. हा प्रसंग रंगात आला, पेटी-तबला टिपेला गेला, की ते एकदम हात वर करून वाद्यं थांबवायचे. मग हळू आवाजात विचारायचे, "पाणी प्यायला ना भीम नंतर? प्यायलाच असणार. घशाखाली उतरलं असेल का हो ते?" देवळात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मला रक्त आठवत नाही, ती शांतता आठवते.

नातवाच्या गेममध्ये असा हात वर करणारा कुणी मला दिसला नाही. सेव्हपॉइंट म्हणतात की गेमच तो हात वर करतो, नावाने हाक मारून. तसं असेल तर चांगलंच आहे. पण तो हात ओळखायला १९ वर्षांचं मन लागतं. शिवाय कीर्तन रात्री संपायचं आणि आम्ही आईचा पदर धरून घरी जायचो. हे संपत नाही.

करवंद

आजोबा, प्रतिसाद फार आवडला. वेगळा लेख लिहा यावर, विनंती आहे.

कलमदान

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण "सरकार काय करतंय" हा प्रश्न पुढे येणारच.

सिनेमासाठी आपल्याकडे १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आहे. २०२३ च्या दुरुस्तीने यूए वर्गात ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पेही आले. गेमसाठी असं प्रमाणपत्र देणारं सरकारी मंडळ भारतात नाही. तुमच्या डबीवरचा १८ हा पेगी या युरोपीय व्यवस्थेचा आकडा आहे, ती २००३ पासून आहे. त्यामुळे दुकानदाराने इथला नियम मोडला असं म्हणता येत नाही, कारण मोडायला नियमच नाही. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा मुख्यतः पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर बंदी आणणारा आहे, रक्तपाताचा प्रश्न त्याने सोडवलेला नाही.

बंदीचा मार्गही आपण पाहिला. २०१९ मध्ये राजकोटमध्ये पबजीवर बंदी घालून खेळणाऱ्या पोरांना पोलिसांनी चक्क अटक केली. त्यातून कुणाचं भलं झालं? अमेरिकेत कॅलिफोर्नियाने अल्पवयीनांना हिंसक गेम विकण्यावर बंदी घातली होती. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ती रद्द केली. निकालात ग्रिम बंधूंच्या परीकथांचा दाखला आहे, त्याही कमी रक्ताळ नाहीत म्हणून. आजोबांचा दुःशासन वाचताना तेच आठवलं.

माझं मत: बंदी नको, वयाचा इथला आकडा हवा, मराठी-हिंदीत, डबीवर ठळक. आणि दुकानदाराला तो विचारणं बंधनकारक हवं.

रंगरेषा

खूप विचार करून लिहितोय. ही बाजू या चर्चेत कधीच येत नाही.

मी गेममध्ये थ्रीडी आर्टिस्ट आहे. पुण्यात हे काम बरंच चालतं. परदेशी कंपन्यांच्या गेमचे भाग इथे बनतात. मी आधी झाडं, भिंती, गाड्या करायचो. काही वर्षांपूर्वी एका स्टुडिओत (नाव घेणार नाही) मला कॅरेक्टरच्या टीममध्ये घेतलं आणि 'डॅमेज' दिलं. म्हणजे गोळी लागल्यावर, हात तुटल्यावर आत जे दिसतं ते.

ते कसं करतात, सांगतो. एका शरीराच्या आत दुसरं शरीर असतं. वर कातडी, खाली पिवळसर चरबी, तिच्याखाली स्नायू, मग हाड. मार लागला की वरचा थर त्या जागी उघडतो. ही कल्पना जुनी आहे. २००० साली 'सोल्जर ऑफ फॉर्च्यून'मध्ये शरीराचे २६ भाग पाडले होते, गोळी जिथे लागेल तिथे वेगळी जखम. तेव्हा ते ओबडधोबड होतं. आता ओलसरपणा येतो, उजेड चरबीतून आरपार जातो. आणि तो तसा यावा म्हणून रेफरन्स लागतो.

माझ्या मशीनवर एक फोल्डर आला. अपघात, भाजलेले, शवविच्छेदन. लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, म्हणाला, "चरबीचा रंग चुकतोय, फोटो बघ." तीन आठवडे मी दिवसाचे आठ-नऊ तास ते फोटो झूम करून बघितले. चौथ्या आठवड्यात घरी आईने पपई कापली आणि मी ताटावरून उठलो. झोपेत मी माणसांचे थर मोजायचो. लीडला सांगितलं, तर म्हणाला, "सवय होईल." झाली नाही. मी परत भिंती करायला मागितल्या, मिळाल्या नाहीत, नोकरी सोडली. नंतर वाचलं की २०१९ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट ११' या मारामारीच्या गेमवर काम केलेल्या एकानेही पत्रकारांना हेच सांगितलं होतं, स्वप्नं पडतात म्हणून झोपणंच टाळायचो असं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी कमकुवत नव्हतो.

याच मालिकेचा पहिला गेम १९९२ चा. त्यात खऱ्या माणसांचे फोटो वापरले होते, म्हणून १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि १९९४ मध्ये तिथलं वयाचं मानांकन सुरू झालं. तेव्हापासून सगळी काळजी खेळणाऱ्या मुलाची. रंगवणाऱ्याची काळजी कुणी केल्याचं मला दिसलं नाही.

सेव्हपॉइंट, तू म्हणतोस हेतू बघ. बघतो. काही गेममध्ये हेतू खरंच मोठा असतो. पण माझ्या फोल्डरच्या मागे हेतू नव्हता, ट्रेलर होता. तीन सेकंदांचा शॉट, लोकांनी "बाप रे" म्हणावं म्हणून. २०२३ मध्ये 'अनरेकॉर्ड'चा ट्रेलर आला, पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातून दिसतो तसा. कित्येकांना ते खरं चित्रीकरण वाटलं, बनवणाऱ्यांना गेम चालू असताना दाखवून सिद्ध करावं लागलं. कलाकार म्हणून मी थक्क झालो. आणि त्याच वेळी वाटलं, आता यात जखमा भरायला कुणाला बसवणार आहेत?

पुण्यातच 'राजी' बनला, २०२० मध्ये, नॉडिंग हेड्स गेम्सचा. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, हातात त्रिशूळ, समोर राक्षस. मारामारी भरपूर आहे. पण आतडी दाखवायची गरज त्यांना पडली नाही, आणि लढताना जोर कुठेही कमी वाटत नाही. असं करता येतं, एवढंच मला म्हणायचंय.

रात्रपाळी

रंगरेषा, पपईचं वाचून गलबलून आलं. झोपेचा त्रास अजून होत असेल तर अंगावर काढू नका. आमच्याकडे नवीन रेसिडेंट मुलांना हेच होतं, आणि त्यावर बोलून, उपचाराने फरक पडतो. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

ओंजळ

मला एक साधं विचारायचंय. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की प्रत्यक्ष हिंसेशी संबंध जोडायला पुरेसा पुरावा नाही, पण ओरडणं, ढकलाढकली अशा वागण्याशी छोटा संबंध दिसतो. घरात आम्ही जगतो ते त्या 'छोट्या'तच. माझी मुलगी खेळून उठली की अर्धा तास तिच्याशी बोलायची सोय नसते. ते रक्तामुळे की हरल्यामुळे?

सेव्हपॉइंट

ताई, माझ्या अनुभवात हरल्यामुळे. फुटबॉलच्या गेमनंतर मी जास्त चिडतो.

पौडफाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी मुलाशी बोलायचं होतं.

काल रात्री त्याच्या शेजारी बसलो आणि तोच प्रसंग पुन्हा खेळायला सांगितलं. त्याने खेळून दाखवला. मी विचारलं, पहिल्यांदा खेळलास तेव्हा काय वाटलं? म्हणाला, "कसंतरी झालं होतं. मी आवाज कमी केला होता." मग परत कधी वाढवलास? "माहीत नाही. चार-पाच वेळा झाल्यावर." आणि मग तो बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोललो नाही. आजोबा, तुमचे कीर्तनकार आठवत होते.

सेव्हपॉइंट, तुझं बरंचसं मान्य. नाव घेऊन हाक मारणं हा त्या गेमचा प्रामाणिकपणा आहे, आणि पेट्यांबद्दल तर मी कधी विचारच केला नव्हता. फक्त माझ्या मुलाच्या बाबतीत चार-पाच वेळांनंतर ती हाक त्याला ऐकू येईनाशी झाली. तू गॅलरीत जाऊन उभा राहिलास, त्याने आवाज कमी केला आणि खेळत राहिला. गेम एकच, वयात सहा वर्षांचं अंतर. रंगरेषांचं वाचल्यावर मला त्या घशातल्या आवाजामागे बसलेला माणूसही दिसायला लागलाय, आणि 'इतकं खरं हवंच का' याचं माझं उत्तर आता आधीपेक्षा ठाम 'नको' आहे. मोठ्यांसाठीसुद्धा.

डिस्क माझ्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे. १६ पूर्ण झाल्यावर मिळेल, तेव्हा दोघं मिळून खेळू. तो चिडलाय. "तू पण माझ्याएवढा असताना डूम खेळायचास, आजीने सांगितलंय," म्हणाला. खरं आहे ते. मी कबूल केलं आणि निर्णय बदलला नाही. 'राजी' घेतलाय, अजून त्याने उघडलेला नाही.

एक मदत हवी. प्लेस्टेशनवर त्याच्या खात्याला वयाची मर्यादा लावली आणि चार आकडी पिन टाकला. एवढं पुरतं का?

सेव्हपॉइंट

पुरतं काका, पण घरात जुनं दुसरं खातं असेल तर त्यालाही लावा, आणि नवीन खातं उघडायची परवानगी बंद करा, ती वेगळ्या ठिकाणी असते. आणि पिन तुमच्या किंवा त्याच्या जन्मवर्षाचा असेल तर आजच बदला. तो सगळ्यात आधी तेच टाकून बघेल.

पौडफाटा

बदलला.